राष्ट्राध्यक्षांच्या विधानांना सभागृहात उत्तर द्या : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

सोलापूर, २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

येत्या १ डिसेंबरला संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू होत आहे आणि १९ तारखेला ते संपणार आहे. मी जे मागणार आहे ते या अधिवेशनातच होण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र आज लिहितो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प गेले सहा महिने आपल्या लष्करी कारवाईबद्दल, आपल्या तेलाबद्दल आणि आपल्या मालाबद्दल जाहीरपणे बोलत आहेत. त्यातल्या बहुतेक विधानांना आपल्या संसदेच्या नोंदीत उत्तर नाही. ते असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टेरी टॉवेलचे छोटे युनिट आहे. माल आखातात जातो, युरोपात जातो आणि एका निर्यातदारामार्फत अमेरिकेतही जातो. लूमवर पुरुष, आणि हेमिंग, चेकिंग, पॅकिंगला बायका. त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी तेलुगू बोलतात, आणि शहराच्या पूर्व भागातली त्यांची तिसरी पिढी कापडावरच जगते आहे. पगार आठवड्याला होतो. ऑर्डर थांबली की आधी ओव्हरटाइम जातो, मग पाळी, मग माणूस. या बायांना वॉशिंग्टनमध्ये कोण काय बोलले याच्याशी काही देणेघेणे नव्हते. आता त्या मला विचारतात, "मालक, आज ट्रम्प काय म्हणाला?" त्यांना काय सांगावे हे मला कळत नाही, आणि तेच मी आपल्याला विचारतो आहे.

आधी टॅरिफबद्दल लिहितो, कारण ते मला सगळ्यात जवळून माहीत आहे.

२ एप्रिलला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राष्ट्राध्यक्षांनी देशोदेशींच्या मालावरच्या नव्या आयात करांचा जो तक्ता दाखवला त्यावर भारतापुढे २६ टक्के लिहिले होते. आदेशाला जोडलेल्या परिशिष्टात २७ होते. मग ते दुरुस्त होऊन २६ झाले. आठवड्याभरात, ९ एप्रिलला, सगळेच ९० दिवसांसाठी थांबले आणि सरसकट १० टक्के राहिले. ३० जुलैला त्यांनी समाजमाध्यमावर लिहिले, भारतावर १ ऑगस्टपासून २५ टक्के, वर रशियन तेलाबद्दल दंड. दंड किती, ते लिहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला, त्यात तारीख ७ ऑगस्ट. ६ ऑगस्टला आणखी २५ टक्क्यांचा आदेश निघाला, तो २७ ऑगस्टपासून लागू. अशी बेरीज ५० झाली. कॉटन टेरी टॉवेलवर अमेरिकेची मुळातली ड्युटी ९.१ टक्के आहे, म्हणजे आज एकूण ५९.१ टक्के. कराचीत तयार होणाऱ्या टॉवेलला हा जादा कर १९ टक्के आहे, बांगलादेशाला २०, तुर्कस्तानला १५.

टीव्हीवर बोलणारे म्हणतात, टॅरिफ तर अमेरिकन आयातदार भरतो, तुमचे काय जाते? कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात आयातदार पहिला फोन आमच्याकडे करतो आणि म्हणतो, अर्धे तुम्ही सोसा. टॉवेलमध्ये एवढी कपात सोसण्याइतका नफा कधीच नसतो. सूत, रंग, वीज आणि मजुरी आधीच मोजलेली असते. नाही म्हटले तर तो ऑर्डर रद्द करत नाही, 'होल्ड' करतो. होल्ड रद्द होण्याहून वाईट. रद्द झाली तर आम्ही दुसरा गिऱ्हाईक शोधू. होल्डवर असलेला माल त्याच्या मापाचा, त्याच्या रंगाचा, त्याचे लेबल शिवलेला असा गोडाऊनमध्ये पडून राहतो आणि बँकेचे व्याज चालू राहते.

६ ऑगस्टच्या आदेशातली आणखी एक अट आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेल्या मालाला नवा जादा कर लागणार नाही, पण तो माल १७ सप्टेंबरच्या आत तिकडे कस्टममधून सुटला पाहिजे, असे त्यात होते. न्हावा-शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला बोटीला महिना-दीड महिना लागतो. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर निघालेल्या मालालाही त्या सवलतीचा उपयोग नव्हता. आमच्यासारख्यांना हा हिशेब निर्यातदाराच्या क्लार्ककडून कळला. सरकारच्या कुठल्याही खात्याकडून मराठीत एक पानाची सूचना आमच्यापर्यंत आली नाही.

३१ जुलैला राष्ट्राध्यक्षांनी आपल्या अर्थव्यवस्थेला रशियाच्या जोडीने 'मृत' म्हटले. मी रागावलो नाही, मला वाईट वाटले. पहाटेपासून लूमवर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो मृत अर्थव्यवस्थेचा भाग आहे असे जगातल्या सर्वांत ताकदवान पदावरून सांगितले जाते, आणि त्याला आपल्या लोकप्रतिनिधीकडून त्याच्या भाषेत त्यावर दोन वाक्ये ऐकायला मिळत नाहीत. त्याच दिवशी वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केले की परिणाम तपासले जात आहेत आणि राष्ट्रहितासाठी आवश्यक ती सर्व पावले उचलली जातील. गोयल साहेब उत्तर मुंबईचे खासदार आहेत, म्हणजे या पत्राचे एक मानकरी तेही आहेत. त्या तपासणीतून काय निघाले, हे त्यांनी आता सभागृहाला सांगावे. सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या गावांची नावे घेऊन सांगावे.

आता युद्धविरामाबद्दल. या विषयावर लिहिताना हात जड होतो. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्राची होती. डोंबिवली, पुणे, पनवेल. त्यानंतरच्या कारवाईचे काय झाले, कधी थांबली, का थांबली, हे जाणून घेण्याचा पहिला हक्क त्या घरांचा आणि मग आपल्या सर्वांचा. १० मे रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास ही बातमी आपल्याला पहिल्यांदा कळली ती ट्रम्प यांच्या पोस्टमधून. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री त्यानंतर बोलले. त्यांनी सांगितले की दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी (लष्करी कारवायांचे महासंचालक) आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचे ठरले. हे दोन देशांतले थेट बोलणे होते, मध्यस्थी नव्हती. १९७२ च्या सिमला करारापासून आपली भूमिकाही तीच आहे. मी मिस्री यांच्यावर विश्वास ठेवतो. पण दुसऱ्या बाजूने तेव्हापासून आजपर्यंत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि दर वेळी ती थोडी वाढते. पाडलेली विमाने आधी पाच होती, मग सात, मग आठ. कोणाची, ते ट्रम्प सांगत नाहीत. व्यापार बंद करण्याची धमकी देऊन युद्ध थांबवले, असे आधी होते. आता याच १९ नोव्हेंबरला ते म्हणाले की ३५० टक्के टॅरिफ लावीन असे दोन्ही देशांना सांगितले होते.

या दाव्याचे उत्तर दिलेच गेले नाही असे मी म्हणत नाही. १७ जूनला पंतप्रधान आणि ट्रम्प यांचे फोनवर बोलणे झाले. मध्यस्थी झाली नाही, व्यापाराचा विषय निघाला नाही, हे पंतप्रधानांनी स्पष्ट केल्याचे मिस्री यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. २८ जुलैला लोकसभेत परराष्ट्रमंत्री जयशंकर म्हणाले की २२ एप्रिल ते १७ जून या काळात दोघांमध्ये फोन झालाच नव्हता. २९ जुलैला पंतप्रधानांनी सभागृहात सांगितले की कारवाई थांबवा असे जगातल्या कोणत्याही नेत्याने आपल्याला सांगितले नाही. ही उत्तरे नोंदीत आहेत आणि मला त्यांचे समाधान आहे. माझी तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे.

पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. पन्नास टक्के टॅरिफ २७ ऑगस्टला लागू झाले. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क १९ सप्टेंबरला जाहीर झाले. १५ ऑक्टोबरला ट्रम्प म्हणाले की भारत रशियाचे तेल घेणे बंद करील असे आश्वासन पंतप्रधानांनी त्यांना दिले आहे. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने सांगितले की आदल्या दिवशी दोघांत बोलणे झाल्याची आपल्याला माहिती नाही. हे सगळे घडले तेव्हा आपले सभागृह बसलेलेच नव्हते. आणि जे अधिवेशन झाले त्यात लोकसभेचे काम १२० तासांऐवजी ३७ तास चालले. ४१९ तारांकित प्रश्नांपैकी फक्त ५५ प्रश्नांना तोंडी उत्तर मिळाले. दोष सरकारचा की विरोधकांचा, यात मला पडायचे नाही. आपण ६७ जण दोन्ही बाजूंना बसता, म्हणूनच आपल्याला एकत्र लिहितो आहे.

तेलाचेच पाहा. ते आश्वासन दिले होते की नव्हते? दिले असेल तर देशाला सांगून द्यायला हवे होते. दिले नसेल तर 'माहिती नाही' हे उत्तर पुरेसे नाही. माझ्यावरच्या पन्नास टक्क्यांपैकी निम्मे त्या तेलाच्या नावाने लावलेले आहेत. ज्या विषयाचा कर मी भरतो, त्याबद्दल माझ्या सरकारचे नेमके म्हणणे काय आहे हे मला प्रवक्त्याच्या आठवड्याच्या पत्रकार परिषदेतून वेचून घ्यावे लागते.

व्हिसाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पुण्या-नाशिकच्या घरांतून आपल्याला ते अधिक कळले असेल. १९ सप्टेंबरच्या घोषणेच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या वाणिज्यमंत्र्यांनी शुल्क दरवर्षी लागेल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या म्हणाल्या की ते एकदाच आहे आणि फक्त नव्या अर्जांना. मधल्या काही तासांत सुटीवर आलेली मुले लग्नघरे आणि आजारी आईबाप सोडून विमानतळावर धावली, कारण त्यांच्या कंपन्यांनी परत या असे कळवले होते. माझी भाची त्यांतलीच. आपल्या परराष्ट्र खात्याने २० तारखेला कुटुंबांच्या हालांचा उल्लेख करणारे निवेदन काढले, ते योग्यच होते. पण त्या रात्री फोन करावा असा मराठी वा हिंदी बोलणारा एकही मदतकक्ष आम्हाला सापडला नाही.

राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या देशातल्या कारभाराबद्दल जे बोलतात ते आपले नाही असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. १ ऑगस्टला त्यांच्याकडचा रोजगाराचा अहवाल आला. जुलैत ७३ हजार नोकऱ्या वाढल्या होत्या, आणि मे-जूनचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी कमी करावे लागले होते. त्याच दिवशी त्यांनी आकडे फिरवले असल्याचा आरोप करून कामगार सांख्यिकी विभागाच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकले. पुढे १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस त्यांचे सरकार बंद राहिले, त्यांच्या इतिहासात सर्वांत जास्त. ऑक्टोबरच्या महागाईचे आकडे आता निघणारच नाहीत, असे त्या विभागाने जाहीर केले आहे. तिकडची गृहिणी टॉवेल घेणार की पुढच्या वर्षावर ढकलणार, याचा अंदाज बांधायला आमच्या धंद्यातली माणसे हेच आकडे पाहतात. आकडा नकोसा झाला म्हणून मोजणारा माणूस काढणे हे मी आपल्याकडेही होऊ नये असे म्हणतो, आणि ते राखण्याची जागा आपले सभागृह आहे.

एक गोष्ट माझ्या फायद्याची असूनही सांगितली पाहिजे. टॅरिफचा भार हलका व्हावा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूत थोडे स्वस्त पडले तर मला बरेच आहे. पण यवतमाळ, अकोला, परभणी, जळगावचा कापूस वेचणीला आला तेव्हाच बाहेरचा कापूस बिनकराचा आत आला. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे आणि अनेक ठिकाणी व्यापारी त्याच्या खाली मागत आहेत. वॉशिंग्टनमधल्या एका आदेशाचे उत्तर म्हणून विणकराला कापूसवाल्याच्या खिशातून मदत करायची, हा न्याय नाही. शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, असे पंतप्रधान ७ ऑगस्टला म्हणाले होते. विदर्भ-मराठवाड्याच्या सदस्यांनी हे वाक्य हातात घेऊन प्रश्न विचारावा.

सरकारने केले तेही नोंदवतो. १२ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटींचे निर्यात प्रोत्साहन अभियान आणि निर्यातदारांसाठी २०,००० कोटींची पतहमी मंजूर केली. रिझर्व्ह बँकेनेही कर्जफेडीत सवलत दिली आहे. या मदतीचा दरवाजा कुठे आहे, हे आमच्यासारख्या दुसऱ्याच्या नावावर निर्यात करणाऱ्या युनिटना अजून कळलेले नाही. बँकेत विचारले की "वरून सर्क्युलर येऊ द्या" हेच ऐकायला मिळते.

उन्हाळ्यात देशाची बाजू मांडायला सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर गेली. त्यातल्या दोन शिष्टमंडळांचे नेतृत्व आपल्यापैकी दोघांनी केले, बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि कल्याणचे श्रीकांत शिंदे. एक विरोधी बाकावरच्या, एक सत्ताधारी. कैरो, दोहा, अबू धाबीला जाऊन महाराष्ट्राचे खासदार एका सुरात बोलू शकतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले आणि मला त्याचा अभिमान वाटला. आता तसेच दिल्लीत बोलावे, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १० मेपासून भारताबद्दल केलेली युद्धविराम, तेल आणि टॅरिफविषयीची महत्त्वाची विधाने आणि त्या प्रत्येकावर भारत सरकारची भूमिका, असे तारीखवार निवेदन सरकारने दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे, अशी मागणी आपण पक्ष विसरून एकत्र करावी. लोकसभेत नियम १९३ खाली अल्पकालीन चर्चा मागता येते. प्रश्नासाठी किमान १५ दिवस आधी नोटीस लागते, म्हणजे वेळ थोडा आहे.

२. रशियन तेलाबद्दल कोणतेही आश्वासन दिले गेले का, याचे हो किंवा नाही असे उत्तर मिळावे.

३. टॅरिफमुळे यंत्रमाग आणि होजिअरी पट्ट्यांत किती ऑर्डर थांबल्या, किती हातांचे काम गेले, हे सरकारने गावनिहाय मोजावे आणि आकडे जसे असतील तसे छापावेत. ते सरकारला गैरसोयीचे असले तरी छापावेत.

४. निर्यातदाराला माल पुरवणाऱ्या छोट्या युनिटला पतहमी आणि व्याजसवलत थेट मिळावी, आणि तिची माहिती मराठीत जिल्हा उद्योग केंद्रात लावलेली असावी. परदेशातून असा मोठा आदेश निघाला की त्याचा अर्थ सांगणारी मराठी सूचना तीन दिवसांत तिथे पोहोचावी.

५. कापसाच्या आयात सवलतीला ३१ डिसेंबरनंतर मुदतवाढ देण्याआधी कापूस उत्पादकांचे म्हणणे सभागृहात मांडले जावे.

६. अमेरिकेशी जो व्यापार करार होईल त्याचा मसुदा वाणिज्यविषयक स्थायी समितीपुढे यावा. त्याची बातमी या वेळी तरी आम्हाला परदेशी राष्ट्राध्यक्षांच्या पोस्टमधून कळू नये.

लोकसभेत मराठीत बोलता येते, दुभाषी असतात. जमल्यास हे प्रश्न मराठीत विचारा. आमच्या पॅकिंग विभागात मोबाइल चालू असतो, बाया ऐकतील.

१४ नोव्हेंबरला ट्रम्प यांनी चहा, कॉफी, मसाले यांवरचे नवे टॅरिफ काढले, कारण त्यांच्या देशात किराणा महागला होता. म्हणजे आदेश बदलतात. तिकडच्या ग्राहकाच्या बाजूने तिकडे कोणीतरी बोलले म्हणून ते बदलले. टॉवेल त्या यादीत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला या टॅरिफच्या कायदेशीरपणावर सुनावणी झाली आहे आणि निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या निकालाची वाट पाहणे हे आमच्या सरकारचे धोरण आहे का, हेही विचारून घ्या.

आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी अधिवेशनाच्या आधी एकदा अक्कलकोट रोडला यावे. युनिट सकाळी सातला सुरू होते. ऑर्डरचे कागद, होल्डच्या मेल, बँकेचे हिशेब, सगळे टेबलावर ठेवीन. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी आपण कोणता प्रश्न, कोणत्या तारखेला मांडणार आहात, तेवढे लेखी जाहीर करावे. १९ डिसेंबरनंतर कोणी काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, त्याची यादी आम्ही पूर्व भागातल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लावणार आहोत.

आपला,
सोलापूरचा एक टॉवेल उत्पादक